आत्या, तुम्हाला वेग आवडायचा

आत्या, तेराव्याचं जेवण आटोपलं. ओसरीवरच्या सतरंज्या उचलल्या, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली आणि घर एकदम मोठं झालं. इतके दिवस येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल बोलत होता. सोशीक होत्या, देवाधर्माच्या होत्या, कुणाला कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, शेंगाची पोळी त्यांच्यासारखी कुणाला जमायची नाही. मी मान हलवत होते. सगळं खरंच होतं. पण अख्ख्या ईट गावातल्या एकाही माणसानं हे सांगितलं नाही, की सरूबाईंना जोरात पळणारी गाडी फार आवडायची. त्यांना ते माहीतच नव्हतं. माहीत होतं ते आम्हा घरातल्यांना आणि तुमच्या उमरग्याच्या बहिणीला, अक्कांना. म्हणून म्हटलं, तेवढं आपण तुमच्याशीच बोलून घ्यावं.

सासूला आत्या, सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत, म्हणून मी पहिल्या दिवसापासून तुम्हाला आत्या म्हणत आले. खरी सोयरीक मात्र आपली पुष्कळ नंतर जुळली. बार्शीच्या त्या शोरूममध्ये जुळली, असं मी म्हणेन.

मामा गेल्यानंतरची गोष्ट. घरात एक जुनी छोटी गाडी होती, तिच्यात पाच माणसं बसली की ती खाली बसायची. माझ्या लेकीला, पूर्वाला, लातूरला शिकायला ठेवलं होतं, येणं-जाणं वाढलं होतं, म्हणून सात माणसांची मोठी गाडी घ्यायचं ठरलं. तुमच्या लेकानं सगळी चौकशी करून ठेवली होती. एकाच गाडीला दोन इंजिनं मिळत होती, एक लहान, एक मोठं. लहान इंजिनाचं ॲव्हरेज चांगलं, घरच्या माणसांसाठी तेच बरं, असं विलासरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. तुम्ही बरोबर आलात ते नारळ फोडायला, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

शोरूममधल्या माणसानं आम्हाला सपाट रस्त्यावरून एक चक्कर मारून आणलं. गाडी छान चालली. ह्यांनी खिशातून पेन काढलं. तेव्हा तुम्ही पदर सावरून त्या माणसाला विचारलंत, की घाट कुठं हाय?

तो गोंधळला. येडशीच्या घाटात जायला वेळ लागंल, म्हणाला. आमाला येळ हाय, असं म्हणून तुम्ही परत गाडीत जाऊन बसलात. आणि वर म्हणालात, "मोकळी गाडी कुणीबी पळवंल. माणसं भरून पळवून दावा." आम्ही पाच जण, तो माणूस सहावा. सातवा म्हणून तुम्ही दारावरच्या रखवालदाराला बोलावलंत. तो बिचारा टोपी हातात घेऊन सगळ्यात मागं अंग चोरून बसला.

लहान इंजिनाची गाडी पहिल्या वळणापर्यंत बरी चढली. मग तिचा आवाज वाढायला लागला आणि वेग कमी व्हायला लागला. त्या माणसानं हळूच एसी बंद केला. तुम्ही काच खाली केलीत. मग परत खाली येऊन, गाडी बदलून, त्याच सात माणसांना घेऊन तोच घाट. ह्या वेळी मी तुमच्या शेजारी होते. चढ सुरू झाला, त्या माणसानं पाय दाबला, आणि एवढं मोठं चौकोनी धूड असं काही वर निघालं, की आपल्या दोघींच्या पाठी सीटला टेकल्या. पुढं एक लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक होता. तो बघता बघता मागं गेला. आणि तुम्ही हसलात.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, तुमचं ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. तोंडावर पदर नाही, खाली मान नाही. पोटातून आलेलं, मोकळं हसणं. मागं रखवालदारसुद्धा हसायला लागला. पुढच्या सीटवरून विलासरावांनी वळून तुमच्याकडं बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की कुठली गाडी घ्यायची ते ठरलं.

मी मास्तरीण. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. घरी आल्यावर मी शोधायला लागले, की ह्या बाईला हे कुठून आलं असेल? लहानपणी काही अपूर्ण राहिलं असेल, कधी वाहन न मिळून कुणाचं काही वाईट झालं असेल. एकदा भाकरी थापताना मी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "बाईमाणसाला एखादी गोष्ट आवडायला कारण लागतं व्हय? आवडतं म्हणून आवडतं." त्यानंतर मी कारण शोधायचं सोडून दिलं. तुम्हाला सांगते आत्या, त्या एका वाक्यानं मला पुढं फार ठिकाणी हात दिला. शाळेत, घरात, माझ्या स्वतःच्या मनातसुद्धा.

गाडी पांढरी घेतली. गावात नवी गाडी आली की मागच्या काचेवर देवाचं, नाहीतर लेकरांचं नाव येतंच. माझ्या ओंकारनं तर मोठ्या अक्षरांत काय लिहायचं तेही ठरवलं होतं. तुम्ही काही लिहू दिलं नाही. झेंडा नाही, झालर नाही, चकचकीत पट्टी नाही. पंचायत समितीची गाडी वाटायची ती. पूर्वा कुरकुरली, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "वरून गरीब गाय दिसती, हीच तर मजा हाय."

आणि मजा तुम्ही घेतलीच. लातूरला जाताना ढोकीच्या आसपास, कारखान्याच्या दिवसांत, उसाचे ट्रॅक्टर लागायचे. एकेकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, वर मोठ्यानं लावलेली गाणी. विलासराव स्वभावानं सबुरीचे. ते निवांत मागं मागं चालायचे. तुम्ही पुढं बसलेल्या. लेकाला हे कर, ते कर असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुम्ही फक्त समोर बघायचात, आणि थोड्या वेळानं कुणाला तरी बातमी द्यावी तशा म्हणायचात, "रस्ता मोकळा हाय, इलास." मी मागून बघायची. तुमचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबलेला असायचा.

ह्यावरून आपलं भांडण होतं. भांडण म्हणजे काय, तुम्ही भाजी निवडायचात आणि मी वह्या तपासायचे, असं. माझं म्हणणं, घरच्या गाडीला एवढा जोर कशाला? आपल्याला काय शर्यत लावायचीय? म्हातारी माणसं, लेकरं, गव्हाची पोती, ह्यांच्यासाठी साधी गाडी पुरते. तुमचं म्हणणं उलटं. ज्या गाडीत घरची सगळी माणसं बसतात तिलाच जोर पाहिजे. एकट्याला काय, एकटा सायकलवर बी जातो. मी म्हणायची, जोर असला की वापरायचा मोह होतो. त्यावर तुम्ही म्हणालात ते मला शब्दाला शब्द आठवतं. "किती वापरायचा ते माणसानं ठरवावं. पर नसंलच तर ठरवायचं काय?" मी पुढची वही ओढली. पण मला पटलं आहे असं मी कधी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. माझी बाजू अजून शिल्लक आहे, आत्या.

मला गाडी शिकवायचा विचारही तुमचाच. विलासरावांना वाटायचं, एवढी मोठी गाडी, हिला कशी आवरायची. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. रविवारी आठवडी बाजार नसतो, बाजारतळ रिकामा असतो, एवढंच म्हणालात, आणि स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसलात. गाडी झटके खात बंद पडायची. पारावरची माणसं हसायची. सून चालवतीय आणि सासू शेजारी बसलीय, हा खेळ बघायला बायकासुद्धा दारात यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही मात्र घरच्या ओट्यावर बसल्यासारख्या शांत. तुम्हाला क्लच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही तुम्ही आणला नाही. तुम्ही नुसत्या बसून राहिलात. शेजारचं माणूस घाबरत नाही हे एकदा दिसलं, की आपणही घाबरायचं विसरतो.

मग ती उमरग्याची खेप. अक्का दवाखान्यात होत्या. तुमच्या त्या थोरल्या बहीण. तुम्ही दोघी जिल्ह्याच्या दोन टोकांना दिल्या गेलात, आणि मधल्या सगळ्या वर्षांत लग्नाकार्याशिवाय तुमची भेट झाली नाही. निरोप आला की अक्का तुमचं नाव घेतायत. विलासराव कामासाठी परगावी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तोवर बार्शीच्या पुढं गाडी नेली नव्हती.

सकाळी निघालो. येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर. तुळजापुरात तुम्ही गाडीतूनच हात जोडलेत, उतरलाही नाहीत. नळदुर्गाच्या अलीकडं हैदराबादचा मोठा रस्ता लागला आणि मी वेग कमी केला. दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि मध्ये मी. एका कंटेनरच्या मागं मी किती तरी वेळ चालत राहिले. पुढं जायचा धीर होईना. तुम्हाला बहिणीची ओढ लागलेली, तरी तुम्ही घाई केली नाहीत. मी म्हटलं, आत्या, मला भ्या वाटतंय. तुम्ही म्हणालात, "गाडीला न्हाय वाटत. तू नीट बघ आन् एकदा मनापासनं दाब. अर्धं दाबशील तर अडकशील."

मी आरशात बघितलं आणि दाबलं. त्या गाडीत एवढं काही शिल्लक आहे, हे मला त्या क्षणी कळलं. कंटेनर मागं पडला, त्याच्या पुढचा टँकरही मागं पडला, आणि समोर नुसता रस्ता. माझं ऊर धडधडत होतं, आणि ते भीतीनं नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. तुम्हाला काय आवडतं ते मला त्या दिवशी अंगानं कळलं. डोक्याला मात्र पटवून घ्यायचं नव्हतं.

अक्कांचं दुखणं वाटलं तेवढं मोठं निघालं नाही. तुम्हाला बघून त्या उठूनच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं, तर तुम्ही म्हणालात, घरी जाऊन तरी काय करायचं, चल, जरा फिरवून आणते. अक्कांच्या लेकीनं नको म्हटलं, सुनेनं नको म्हटलं. अक्का गाडीत बसल्यासुद्धा. त्या मोठ्या रस्त्यावर तुम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, आणि मी गाडीचा वेग वाढवला तशा अक्का ओरडल्या, "अगं सरू, ही पोरगी मारती गं आपल्याला." आणि लगेच पुढं म्हणाल्या, की थांबवू नको.

परत येताना तुळजापूर सोडल्यावर मी बाजूला बघितलं तर तुम्ही झोपला होतात. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. लेकाच्या गाडीत तुमचा कधी डोळा लागला नव्हता. तिथं तुम्ही सारा रस्ता त्याच्याबरोबर चालवत यायचात. तुम्ही मला कधीही चांगली चालवतेस म्हणाला नाहीत. म्हणायची गरज राहिली नव्हती. मी घरापर्यंत एकही झटका बसू दिला नाही.

गेल्या दिवाळीत अक्कांचा नागेश बॅटरीवरची गाडी घेऊन आला होता. तीही घरगुतीच, मागं लेकराची सीट बसवलेली. तुम्ही आधी तिला नावंच ठेवलीत. आवाज न्हाय तर जोर कळायचा कसा, असं तुमचं म्हणणं. नागेशनं तुम्हाला भूमला जाणाऱ्या रस्त्यावर नेलं, मी मागं बसले. मोकळा रस्ता बघून त्यानं पाय दाबला आणि तुमचं डोकं मागच्या उशीला टेकलं. ना गुरगुर, ना धूर. तुम्ही हळूच म्हणालात, "परत कर."

घरी आल्यावर तुम्ही निकाल दिलात, की जोर हाय, पर सांगून करत न्हाय. घरात असं एखादं माणूस असलं की भ्या वाटतं. मी म्हटलं, आत्या, तुम्ही तरी कुठं सांगून करता? तुम्ही लुगड्याला हात पुसत हसलात. आता पुढची गाडी कुठली घ्यायची ह्यावर घरात बोलणं चाललं होतं. विलासराव एक म्हणत होते, पूर्वा एक. तुम्ही म्हणालात, अजून एकदा बसून बघते, मग सांगते. ते सांगायचं राहून गेलं. आम्ही काय घेऊ ते घेऊ, पण तुमचं मत अर्धंच राहिलं.

मग हृदय थकलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. दुपारी शाळेतून मी आले की तुम्ही अंगणातल्या गाडीत बसायला मागायचात. मी किल्ली फिरवायची. तुम्ही हात पुढं टेकवून इंजिनाची थरथर तळव्यावर घ्यायचात. पहिल्यांदा विलासरावांनी उगाच डिझेल जाळू नका म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच येऊन मागच्या सीटवर बसले. आपण तिघं उभ्या गाडीत बसायचो, आणि शेजारीपाजारी विचारायचे, कुठं निघालात? तुम्ही सांगायचात, "कुठं न्हाय. हितंच."

मला वाटायचं, वेळ आली तर मी आहे. ही गाडी आहे, घाट मला पाठ आहे, बार्शीच्या दवाखान्यात मी तुम्हाला पोचवीनच. मी किल्ली उशाशी ठेवायची. पण तुम्ही वेळच येऊ दिली नाहीत. सकाळी चहा मागितलात, मी गाळत होते, आणि कप घेऊन येईपर्यंत तुम्ही गेला होतात. एवढा जोर दारात उभा होता, आत्या, आणि तो कुणाला मागता आला नाही. ह्या गोष्टीवर मला अजून राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

तुम्हाला नेलं तेव्हा मी दारात उभी होते. माणसं किती हळू चालत होती. इतकं हळू तुम्हाला कुणी कधी नेलं नसेल. मागं एक टेम्पो अडकला होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही, पुढं काढायची घाई केली नाही. वळणापर्यंत तो तसाच मागं मागं गेला. त्या अनोळखी माणसाचं मला फार बरं वाटलं.

तेरावा झाल्यावर अक्कांना उमरग्याला सोडायला मीच निघाले. विलासराव येतो म्हणाले, पण त्यांना चार माणसांत बसणं भाग होतं. अक्का पुढं बसल्या. तुमची उंची सारखी, त्यामुळं सीट पुढं-मागं करावी लागली नाही. उमरगा आलं, मी त्यांच्या घराच्या रस्त्याला वळायला लागले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "जरा पुढं चल." म्हणून सरळ गेले. गाव मागं पडलं, दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरं दिसायला लागली. उन्हं उतरली होती. अक्का काचेतून बाहेर बघत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "म्या थोरली. दुखणं आधी मला आलं. दवाखाना आधी म्या बघितला." त्या माझ्याकडं वळल्या. "आन् ह्यातबी गाडी पुढं काढली गं तिनं."

मी गाडी कडेला घेतली. मला समोरचं दिसत नव्हतं. अक्का रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या, आणि माझंही तसंच झालं. शेजारून ट्रक जात होते, गाडी हलत होती. बऱ्याच वेळानं अक्कांनी पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि म्हणाल्या, चल आता, घरी वाट बघत असतील. मी आरशात बघितलं, मागची गाडी जाऊ दिली आणि वळवून घेतली.